जुन्याला गिऱ्हाईक

दसरा झाला की खान्देशातल्या घरांचे माळे रिकामे व्हायला लागतात. धुळ्यातलं देवपूर असो की जळगावातलं पिंप्राळा, ओट्यावर येणाऱ्या वस्तू साधारण सारख्याच असतात. झाकण हरवलेला पितळी डबा, लग्नात आलेले आणि खोक्यातून कधीच न निघालेले दोन लेमन सेट, बंद पडलेला मिक्सर, जाळी गंजलेला कूलर, मुलांची शाळेची पुस्तकं, तीनचाकी सायकल, तांब्याचा बंब, आणि मांडे करणारं कुणी उरलं नाही म्हणून उपडं पडलेलं खापर. दुपारपर्यंत यावर घरात चर्चा होते. काही वस्तू कामवाल्या मावशींना जातात, काही भंगारवाल्याला. उरलेल्या संध्याकाळी पुन्हा माळ्यावर चढतात, पुढच्या दिवाळीपर्यंत.

मुलाकडे न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला सहा महिने राहून आलेल्या आईवडिलांनी याच वस्तूंचा दुसरा प्रवास पाहिलेला असतो. तिथे शनिवारी सकाळी घराचा मालक गॅरेजचं दार उघडतो, अंगणात टेबलं मांडतो आणि इस्त्रीपासून पाळण्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावून खुर्ची टाकून बसतो. शेजारी येतात, घासाघीस करतात, घेऊन जातात. विकणाऱ्याला संकोच नसतो आणि घेणाऱ्यालाही. आईबाबांना हे सगळं आवडतं, क्वचित ते स्वतः एखादा दिवाही घेतात. जळगावला परतल्यावर मात्र आपल्या ओट्यावर किमतीच्या चिठ्ठ्या लावायचं त्यांच्या मनातही येत नाही. लावल्या तर गल्ली विचारेल, "काय हो, घर विकलं का?"

हा प्रश्न वरवर गमतीचा वाटतो, पण त्यात आपला सगळा व्यवहार दडलेला आहे. घरातल्या वस्तू दारात मांडून विकणं म्हणजे लिलाव, जप्ती किंवा गाव सोडून जाणं, अशीच आपली समजूत आहे. म्हणून आपण वस्तू फुकट देतो किंवा वजनावर विकतो. या दोन टोकांच्या मध्ये जी किंमत असते, ती खान्देशातल्या बहुतेक घरांना कधी मिळतच नाही. जुन्या वस्तूला खरं तर तीन किमती असतात. एक तिच्या मालाची, म्हणजे लोखंड, पितळ, कागद, प्लास्टिक यांची. दुसरी तिच्या वापराची. तिसरी तिच्या जुनेपणाची. वस्तू कुणाच्या हातात पडते, त्यावर यांतली कोणती किंमत पदरात पडणार हे ठरतं.

काट्यावरची किंमत

मालाची किंमत देणारा माणूस आपोआप दारात येतो. हातगाडी किंवा तीनचाकी, वर रेकॉर्ड केलेली आरोळी, सोबत लटकता काटा. संवाद ठरलेला असतो. धुळ्याकडे आजी विचारते, "तुन्हा काटा बराबर से ना?" तो म्हणतो, "माय, आते पितय कोन लेस?" पितळ कोणी घेत नाही असं म्हणणारा हाच माणूस पितळ पाहूनच थांबलेला असतो.

भंगारात सगळ्या धातूंना एक मान नसतो. पत्रा आणि लोखंड तळाशी. त्याच्या वर ॲल्युमिनियम, मग पितळ, त्याहून वर तांबं. पितळेचा किलोचा भाव लोखंडाच्या दहापटीहून जास्त असतो, म्हणून "सगळं मिळून इतके देतो" हे वाक्य ऐकलं की व्यवहार तिथेच थांबवावा. धातू वेगळे करून तोलायला लावले, एवढ्यानेही रक्कम बदलते. खिशात साधं लोहचुंबक ठेवलं तर आणखी स्पष्ट होतं. पितळी दिसणारी कडी चुंबकाला चिकटली, तर ते लोखंडावरचं पाणी आहे. स्टीलमध्येही चुंबकाला न चिकटणाऱ्या भांड्याला सहसा जास्त भाव मिळतो. काशाचं ताट पितळेच्या ढिगात टाकू नये. काशात कथील असतं, ते जस्ताहून महाग असतं, आणि म्हणून काशाचा भाव पितळेच्या वर राहतो. वाजवून पाहिलं की कासं लांब नाद देतं, पितळ लवकर गप्प होतं.

भांड्यांच्या दुकानात मोड घालायची आणि नवं घ्यायचं, ही दुसरी वाट. तिथे भाव बरा वाटतो, पण डागकामाची, कल्हईची आणि मातीची वजावट होते आणि नव्या भांड्याची घडणावळ जोडली जाते. दोन्हीकडे भाव विचारल्याशिवाय कोणती वाट फायद्याची हे कळत नाही. शिवाय मोडीला निघणाऱ्या भांड्यावर नाव कोरलेलं असतं. अमक्याच्या लग्नात मामाकडून, सोबत तारीख आणि गाव. खान्देशात आहेराच्या भांड्यावर नाव घालण्याची रीत एवढी पक्की होती की एखाद्या घरच्या डब्यांवरून त्या घराचं अर्धं गणगोत वाचता येतं. भंगारवाल्याला त्या नावाशी देणंघेणं नसतं, आणि बाईचा हात नेमका तिथेच अडतो.

मिक्सर, पंखा, पाण्याची मोटार या वस्तू भंगारवाला "मिक्स" म्हणून घेतो आणि गोदामात फोडतो. आत तांब्याचं वाइंडिंग निघालं तर कमाई त्याची, ॲल्युमिनियमचं निघालं तर तोटाही त्याचाच. घरी बसून मोटार फोडण्यात अर्थ नाही, पण वाइंडिंग कसलं आहे हे विचारायला काही लागत नाही. वायर जाळून तांबं काढणं मात्र करू नये. तो धूर विषारी असतो.

या गाडीवरचा माल पुढे बराच लांब जातो. लोखंडाचा ओघ जालन्याच्या पोलाद कारखान्यांकडे असतो. तिथे भंगार वितळवून सळई बनते. पुठ्ठा आणि रद्दी खपते ती वापीसारख्या ठिकाणच्या कागद गिरण्यांत. लोकरीचे कपडे पानिपतपर्यंत पोचतात. प्लास्टिकला मात्र लांब जावं लागत नाही.

बादलीची चटई

जळगाव बाहेर ओळखलं जातं ते केळी, सोनं, डाळ आणि ठिबक सिंचनासाठी. प्लास्टिकच्या चटईचं नाव त्या यादीत मागाहून येतं. पण भारतातल्या कितीतरी घरांत, लग्नमांडवांत आणि मंदिरांत जी रंगीत, हलकी, गुंडाळता येणारी चटई अंथरली जाते, ती बऱ्याचदा जळगावच्या औद्योगिक वसाहतीतून आलेली असते. तिचा कच्चा माल मुख्यतः पुनर्वापराचं प्लास्टिक आहे.

फुटकी बादली, तुटकी खुर्ची, डबे, झाकणं असा माल आधी हातांनी निवडला जातो. कडक वेगळा, मऊ वेगळा, रंगानुसार वेगळा. या कामात बायकांचे हात जास्त दिसतात. मग तो दळला जातो, धुतला जातो, वितळवून त्याचा दाणा बनतो. दाण्यापासून बारीक नळ्या आणि पट्ट्या ओढतात आणि यंत्रमागावर त्यांची चटई विणतात. उसाचं चिपाड जसं गुऱ्हाळाच्या चुलीत कामी येतं, तसं इथे शहराचा टाकाऊ माल त्याच शहराच्या उद्योगात जिरतो.

शेतकऱ्यांचीही यात भर आहे. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात ठिबकच्या नळ्या काही वर्षांनी चोंदतात, उंदीर कुरतडतात, मग त्या गुंडाळून भंगारात जातात. हा घरगुती माल म्हणता येणार नाही, पण शेतकऱ्याच्या घरात माळा आणि खळं यांत फरक कुठे असतो? नळी विकताना तिच्यातली माती आणि पाणी झटकावं, कारण भंगारवाला त्यांच्या नावाने घसघशीत वजावट धरतो. चिकट पुठ्ठा, धातूचे जोड, वेगळ्या जातीचं प्लास्टिक त्यात गुंतलेलं असलं तर भाव आणखी घसरतो. ज्याने माल निवडून दिला, त्याला निवडण्याची मजुरी भावातूनच परत मिळते.

साडीवर पातेलं

दारात येणारा दुसरा व्यवहार पैशाशिवाय होतो. बोहारीण डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन येते, ओट्यावर बसते आणि कपड्यांचा ढीग उलटा-सुलटा करते. टेरिकॉटची पँट तिला चालते, सुती साडी हवीच असते, फाटकं धोतर ती बाजूला सारते. चार साड्या, दोन पँटी आणि एक स्वेटर यांवर ती एक पातेलं ठेवते. घरधनीण आणखी एक डबा मागते, ती पाटी उचलून निघाल्यासारखं करते, पुन्हा बसते. या खेळात दोघीही तरबेज असतात आणि शेवटी कोण जिंकलं हे दोघींनाही नक्की माहीत असतं, पण त्या बोलत नाहीत.

तिने घेतलेले कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून आठवडी बाजारात विकले जातात. फारच गेलेले गॅरेजमध्ये हात पुसायला जातात. म्हणजे खान्देशात वापरलेल्या वस्तूंचा बाजार अस्तित्वातच नाही असं नाही. तो आहे, पण आपण आणि गिऱ्हाईक एकमेकांना दिसू नये अशी सोय मधल्या माणसाने केलेली आहे. ती पाटी म्हणजे आपल्या संकोचाची किंमत. आपण बोहारणीला कपडे देतो आणि वर ही किंमतही देतो.

जरीच्या साड्या बोहारणीला देऊ नयेत, एवढं मात्र जुन्या बायका सांगत आल्या आहेत. जुन्या जरीत चांदीची तार असे. ती जाळून, वितळवून चांदी काढणारे वेगळे लोक, आणि त्यांचं मोठं ठिकाण सुरत. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत जाणाऱ्या सुरत रेल्वेमार्गामुळे खान्देशाचा सुरतेशी कापडाचा आणि जरीचा संबंध जुनाच आहे. आजच्या बहुतेक साड्यांत प्लास्टिकवर चकाकी चढवलेली जर असते, तिला काहीच येत नाही. म्हणून साडी किती जुनी आणि कोणत्या पेठेतली, यावर सगळं अवलंबून.

सोन्याची लाज का नाही?

जुनी इस्त्री विकायला लाजणारं घर जुनं मंगळसूत्र मोडायला सराफ बाजारात बिनदिक्कत जातं. जळगाव तर यासाठी प्रसिद्धच. विदर्भ, मराठवाडा, मध्य प्रदेशातून लोक इथे सोन्यासाठी येतात. ते नुसतं नवं घ्यायला येत नाहीत, जुनं देऊन नवं घ्यायलाही येतात. इथे कुणी विचारत नाही की घर विकलं का.

याचं कारण सोनं पवित्र आहे एवढंच नाही. सोन्याचा भाव रोज पेपरात छापून येतो. शुद्धता मोजायला यंत्र आहे. जून २०२१ पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. आता दागिन्यावर सहा अंकी-अक्षरी ओळख क्रमांक असतो. विकणारा आणि घेणारा दोघांनाही किंमत आधीच माहीत असते, घासाघीस उरते ती घट आणि घडणावळीपुरती. जिथे भाव उघडा असतो तिथे संकोच उरत नाही. बैलाचंही तसंच. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना, बैलबाजारात जोडी घेताना आपण दात मोजतो, खूर पाहतो, चालवून बघतो आणि "आधी कुणी वापरला" याची लाज मानत नाही. जुना ट्रॅक्टरही असाच घेतो. मग लाज वस्तूच्या वापरलेपणाची नसावी. पारखता येत नाही अशा वस्तूची भीती आपण लाज म्हणून सांगतो.

आणखी एका संशयाला खान्देशात कारण आहे. शेतातल्या मोटारींच्या केबली आणि स्टार्टर चोरीला जातात. त्यामुळे स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या वस्तूबद्दल "चोरीची तर नाही ना" हा प्रश्न मनात येतोच. यावर उपाय साधा आहे. विकणाऱ्याने नाव, तारीख आणि वस्तूचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी द्यावी. मूळ बिल असेल तर किंमत आणखी चढते.

रद्दीत काय गेलं, काय वाचलं

तिसरी किंमत जुनेपणाची. तिच्याबद्दल धुळ्याइतकं बोलण्याचा अधिकार फार थोड्या गावांना आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांची दप्तरं मिळवत. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यातून उभे राहिले. ज्या कागदांना घरच्या माणसांनी वाळवीच्या आणि वाण्याच्या हवाली करायचं ठरवलं होतं, त्यांना त्यांनी पुरावा मानलं. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचं निधन झालं आणि लगेच १९२७ मध्ये तिथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालं. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची बाडं जमवली. १९३५ मध्ये उभ्या राहिलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात ती जपली आहेत. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंच्या ओव्यांचंही तसंच म्हणता येईल. मुलगा सोपानदेव यांनी आणि घरच्यांनी त्या वहीत उतरवल्या नसत्या, तर १९५२ मध्ये छापायला काही उरलंच नसतं.

म्हणून रद्दीवाल्याला बोलावण्याआधी हस्तलिखित कागद, मोडीतली पत्रं, खतावण्या, जुने फोटो, अहिराणी गाण्यांच्या वह्या बाजूला काढाव्यात. त्यांना किलोचा भाव लावू नये. याला कायद्याचीही बाजू आहे. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, चित्रं यांसारख्या वस्तू पुरावस्तू ठरतात. ऐतिहासिक, साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. त्यांचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. देवघरातली जुनी मूर्ती अनोळखी माणसाला विकण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी.

सगळं जुनं मात्र पुरावस्तू ठरत नाही. जातं, पाटा-वरवंटा, उखळ, लाकडी घडवंची, पितळी कुलूप या वस्तू हल्ली शेतघरांत आणि हॉटेलांत शोभेसाठी मागितल्या जातात. जात्याला भंगारात शून्य भाव, कारण दगड तोलला जात नाही. तेच जातं एखाद्या ढाब्याच्या दाराशी बसलं की त्याला पैसे येतात.

कूलरचा महिना

वापराची किंमत सर्वांत जास्त वाया जाते, आणि कूलर हे तिचं खान्देशी उदाहरण. भुसावळ-जळगावचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे पत्र्याचा मोठा कूलर इथे चैनीची वस्तू मानली जात नाही. घरात एसी आला की कूलर गच्चीवर जातो. तिथे दोन पावसाळे खातो आणि दिवाळीच्या साफसफाईत लोखंडाच्या भावाने पाच-सहाशे रुपयांत निघतो. हाच कूलर मोटार आणि पंप चालू असताना, गवताच्या नव्या जाळ्या लावून, मार्चच्या अखेरीस विकायला काढला तर त्याला कितीतरी जास्त येतात, कारण त्या आठवड्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या प्रत्येकाला तो हवा असतो. वस्तूचा महिना ओळखणं ही निम्मी कमाई. कूलर आणि माठाचं तिवई-स्टँड मार्चमध्ये, पुस्तकं आणि सायकल जूनमध्ये, गीझर थंडीच्या तोंडावर, पाळणा केव्हाही.

गिऱ्हाईकही याच जिल्ह्यात आहे, फक्त ते आपल्या गल्लीत नसतं. भुसावळ हे मध्य रेल्वेचं विभागीय मुख्यालय. शिवाय वरणगाव आणि भुसावळचे आयुध कारखाने, दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र. बदलीच्या नोकऱ्यांच्या अशा वसाहतींत जाणारं कुटुंब कॉट, कपाट, कूलर, गॅसची शेगडी येणाऱ्या कुटुंबाला विकून जातं. ट्रकभाड्यापेक्षा ते परवडतं आणि तिथे ते कुणाला कमीपणाचं वाटत नाही, कारण उद्या घेणाऱ्याचीही बदली व्हायची असते. १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ सुरू झालं. त्याच्या आणि अभियांत्रिकी कॉलेजांच्या आसपास खोल्या घेऊन राहणारी मुलं टेबल, गादी, पुस्तकं अर्ध्या किमतीत फिरवत राहतात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहणाऱ्यांना जे जमत नाही, ते फिरत्या माणसांनी केव्हाच जमवलं आहे.

मांडायचंच असेल तर

मोबाइलने हे सोपं केलं आणि धोक्याचंही. जुन्या वस्तूंच्या ॲपवर किंवा कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला की फोन येतात. त्यांतला एखादा "मी सैन्यात आहे, बदली झाली, लगेच पैसे पाठवतो" म्हणतो आणि क्यूआर कोड पाठवून स्कॅन करायला सांगतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्या खात्यातून जाणार, एवढं घरातल्या ज्येष्ठांना दोनदा सांगून ठेवावं. वस्तू ओळखीच्या माणसासमोर, दिवसा, चालू करून दाखवून द्यावी. फोन आणि लॅपटॉप देण्याआधी आतला सगळा मजकूर पुसावा. बंद पडलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू अधिकृत संकलकाकडे द्यावी.

प्राप्तिकराची भीती बाळगायचं कारण नाही. स्वतःच्या वापरातल्या फर्निचर, भांडी, कपडे, उपकरणं अशा वस्तू कायदा भांडवली मालमत्तेत धरत नाही, म्हणून त्या विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर नाही. दागिने, चित्रं, शिल्पं आणि कलावस्तू मात्र या सवलतीत बसत नाहीत. जुन्या वस्तू विकत घेऊन पुन्हा विकू लागलात की तो धंदा झाला, मग त्याचे नियम वेगळे.

किंमत ठरवताना आपण केवढ्याला घेतली ते विसरावं. घेणारा दुकानातला आजचा भाव आणि वस्तूचं उरलेलं आयुष्य यांचाच विचार करतो. स्वच्छ पुसलेल्या मिक्सरला मळक्या मिक्सरपेक्षा जास्त येतात, आणि ही मेहनत अर्ध्या तासाची असते. ज्या वस्तूशी मन अडकलं आहे ती टेबलावर मांडूच नये. अर्ध्या व्यवहारातून परत उचललेली वस्तू गिऱ्हाईकाचा विश्वास घेऊन जाते.

एकट्याने ओटा मांडायचा संकोच राहणारच. तो घालवायचा तर सगळ्या कॉलनीने मिळून मांडावा. गणेश मंडळांकडे मांडव, टेबलं, माइक आणि मुलं सगळं तयार असतं. विसर्जन ते दिवाळी यांमधला एक रविवार त्यांनी यासाठी काढला, प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावली, चालू-बंद स्पष्ट लिहिलं आणि विक्रीतला दहावा हिस्सा वाचनालयाला ठेवला, तर "घर विकलं का" हा प्रश्न विचारणारा माणूसही स्वतःचा लेमन सेट घेऊन रांगेत उभा राहील. पहिल्या वर्षी फार विक्री होणार नाही. पण कोणत्या वस्तूला काय येतं ते चार गल्ल्यांना कळेल. सोन्याचा भाव जसा सगळ्यांना ठाऊक असतो, तसा एकदा कूलरचा झाला, की उरलेलं काम गिऱ्हाईक करतं.